उतरलेला माल मिस्त्रीचा

कामठी रोडवरच्या एका मिस्त्रीने मला फसवलं. माझ्या गाडीच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, त्याने काढून घेतल्या, त्यांच्या जागी भंगार भरलं, आणि त्याची भरपाई माझ्या भाचीने सासरी वर्षानुवर्षं केली. तो मात्र आजही सांगत फिरतो की मीच त्याला लुबाडायला गेलो होतो आणि त्याने मला धडा शिकवला. लोक हसतात, माना डोलवतात. म्हणून हे लिहितो आहे. त्याचं नाव लिहिणार नाही. तेवढाही मान त्याला माझ्याकडून नको.

वडील कामठीला हातमागावर बसत. मी हातमागावर बसलो नाही. छावणीत लष्कराच्या निकाली मालाचा लिलाव व्हायचा. तिथे आधी हमाली केली, मग हमाली करता करता बोली लावायला शिकलो. तंबूचं कापड, बादल्या, दोर, पत्रे, जे मिळेल ते घेऊन विकलं. मला कोणी शिकवलं नाही आणि कोणी हात दिला नाही. भाव पाडणं हा माझा धंदा होता आणि मला त्याची लाज नाही. ज्याला पाडलेला भाव परवडत नाही त्याने नाही म्हणावं, एवढा साधा हा व्यवहार आहे.

कोराडीचं वीजघर उभं राहत होतं त्या काळात मी लिलावात एक मोठी लष्करी गाडी घेतली. जीपपेक्षा बरीच मोठी, ट्रकपेक्षा थोडी लहान, मागे दोन्ही बाजूंना बाकं. इंजिन बांधून घेतलं आणि ती वरातीला भाड्याने द्यायला लागलो. तेव्हा नवरदेवाला उघड्या मोटारीतून आणायची हौस होती. सीताबर्डीवर एकाकडे जुनी, लांबलचक, उघडी मोटार होती आणि सगळी लग्नं तोच पळवायचा. त्याच्यावर मात करायची म्हणून मी लिलावातून चार अवाढव्य टायर रिमांसकट उचलले. तोफगाड्याचे की कशाचे होते कोण जाणे, बोली लावायला दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं. ते चढवले तेव्हा गाडी माजलेल्या सांडासारखी दिसायला लागली. पोरं मागे धावायची. सीताबर्डीवाल्याची दोन लग्नं त्याच महिन्यात माझ्याकडे आली.

अडचण एकच. आधीच उंच गाडी, ती आणखी उंच झाली. नऊवारीतल्या बाया चढायच्या कशा? एका वरमाईने तर गाडीला पाय लावायलाच नकार दिला. म्हणाली, "लग्नाले आली बाप्पा मी, आंबे तोडाले नाही."

म्हणून गाडी खाली बसवणं आलं. भाचीचं लग्न तोंडावर होतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते, आणि तिच्या सासरच्यांना मीच सांगून बसलो होतो की तुमचा मुलगा स्टेशनवरून विहारापर्यंत माझ्या गाडीतून येईल, बाकीचं तुम्ही पाहू नका. त्या शब्दावर बहिणीची मान ताठ राहणार होती.

मिस्त्री गाडीभोवती फिरला, खाली वाकला आणि हसला.

"दादा, आंधी चाकं मोठे करून गाडी उंच केली, आता खाली आणा म्हनता. असं काहून गा?"

"तुले कारण विचारलं का मी? होते का नाही ते सांग."

"होते. कमानीतले दोन-दोन पाटे काढले का बसते चार बोटं खाली. मडगार्ड बी कापा लागन, नाही त चाक घासन."

कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांचा जुडगा. गाडीचा सगळा भार त्याच्यावर. पाटे कमी केले की गाडी खाली येते. हे मला माहीत होतं. त्याने मजुरी सांगितली, मी उठून चालू लागलो, त्याने बोलावलं, मी बसलो, चहा झाला, पुन्हा उठलो. तो हटेना. शेवटी मी गॅरेजांमधला जुना रिवाज काढला. काम झाल्यावर गाडीतून निघालेलं सामान मालकाला पोत्यात बांधून परत द्यायचं असतं. पण मालकाने सोडलं तर ते मिस्त्रीचं, आणि त्या बदल्यात मजुरी उतरते. मी म्हटलं, "अर्धी मजुरी घे. उतरलेला माल तुझा."

थोडे पाटे आणि मडगार्डाचे तुकडे घेऊन हा काय करणार, असा माझा हिशेब.

तो क्षणभर गाडीखाली पाहत राहिला आणि म्हणाला, "मन मोठं आहे दादा तुमचं."

माझं मन मोठं आहे असं तोवर मला कोणी म्हटलेलं नव्हतं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी गाडी मिळाली. कमानी काळ्याभोर, ग्रीस फासलेल्या. मी चार बोटं लावून पाहिली, बरोबर भरली. तो शेजारी बसला, मी गाडी मैदानात फिरवली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कुठे घासली नाही. तो म्हणाला, "नीट पाहून घ्या, मंग मले म्हनू नका." मी म्हटलं पाहिलं. मग त्याने विचारलं, गाडी कोणाच्या लग्नाला? मी सगळं सांगितलं. भाचीचं, कामठीला, नवरदेव, त्याची आई, मावश्या, सगळे हिच्यातूनच विहारात येणार. तो म्हणाला, "मंग त आरामात येतीन."

लग्नाच्या दिवशी गाडी ठासून भरली. नवरदेव पुढे माझ्या शेजारी, मागे त्याची आई आणि बायका, मामा आणि चार-पाच बाप्ये पायरीवर लटकलेले. गाडी जरा जास्तच बसल्यासारखी वाटली. मी म्हटलं, माणसं आहेत, बसणारच. स्टेशनपासून रस्ता सरळ. पुढे बँड वाजत होता. विहाराच्या गल्लीशी बँड डावीकडे वळला. मी स्टिअरिंग फिरवायला गेलो. ते फिरेना. खालून रबर चिरडल्याचा आवाज आला, जळका वास आला आणि गाडी सरळच निघाली.

बँड नवरदेवाशिवाय गल्लीत वाजत गेला आणि आम्ही नवरदेवाला घेऊन बाजाराच्या दिशेने. मागून त्याचा मामा म्हणाला, "जी, विहार मांगं राहिला. का पोराले भाजी आणाले घेऊन चालले?"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं, गाडी मागे घेतली आणि जोर लावून पुन्हा वळवली. तेव्हा मडगार्डाच्या कापलेल्या कडेने टायर फाडला. गाडी एका बाजूला बसली. नवरदेवाची आई पुढच्या लोखंडी दांड्यावर आदळली. बांगड्या फुटून मनगटात गेल्या.

नवरदेव चालत विहारात आला. पंचशील झालं, लग्न लागलं, जेवणं झाली. त्याची आई सगळा वेळ हाताला ओलं फडकं बांधून कोपऱ्यात बसून होती आणि जो येईल त्याला फडकं सोडून दाखवत होती. ते मनगट पुढे नीट वळलं नाही. पीठ मळताना दुखलं की ती भाचीला म्हणायची, "मळ वं तूच. तुह्या मामानं माहा हात घेतला." भाचीने हे मला कधी सांगितलं नाही. बहिणीने सांगितलं, आणि तेही भांडताना.

दुसऱ्या दिवशी मी गाडीखाली शिरलो. ग्रीस पुसलं. ठरलेले दोन पाटे तर गेलेच होते, पण उरलेलेही माझे नव्हते. लष्करी पोलादाच्या जागी झिजलेले, पातळ, भंगारातले पाटे. रिकाम्या गाडीला ते पुरत होते. माणसं बसली की सपाट, आणि मडगार्ड थेट चाकावर.

गॅरेजवर गेलो. त्याने हातातलं काम सोडलं नाही.

"उतरलेला माल माहा. तुमीच बोल्ले दादा."

"दोन पाटे उतरवायचे ठरले होते."

"दोन काढले. बाकीचे बदलवले. जागा रिकामी ठेवली का मी? गाडी चार बोटं खाली आली का नाही? तुमीच बोटं लावून पाह्यली."

"त्या गाडीत बायका होत्या."

"अर्धी मजुरी देल्ली त कमान बी अर्धीच भेटन."

आजूबाजूचे मिस्त्री हसले. मी त्याची गचांडी धरली. चौघांनी मला सोडवलं, म्हणजे खरं तर त्याला सोडवलं. पण ते वाक्य तिथून सुटलं ते सुटलंच. पुढे मी लिलावात बोली लावली की मागून कोणीतरी ते म्हणायचं. गाडी वरातीला कोणी घेईना. माझ्याकडून सुटून त्याच्याकडे गेलेल्या एका लग्नाची पत्रिका सीताबर्डीवाल्याने मला मुद्दाम पाठवली.

पुढच्या उन्हाळ्यात कोराडीच्या रस्त्यावर, रेल्वे फाटकाशी, कोळशाने भरलेला एक ट्रक माझ्यापुढे उभा राहिला. ट्रक मिस्त्रीचा होता. त्याने नुकताच घेतला होता. एवढा भार असूनही तो जराही बसला नव्हता. मी उतरून वाकलो. त्याच्या कमानीत भरीला घातलेल्या पाट्यांच्या कडेला लष्करी हिरवा रंग होता आणि सैन्याच्या मालावर असते तशी बाणाची खूण ठोकलेली होती. ड्रायव्हरने विचारलं, "काय पाहून राहिले जी?"

"माझ्या कमानी."

"मंग दुरून पाहा. फाटक उघडून राहिलं."

माझ्यापुढेच तो निघून गेला.

आता मिस्त्री धरमपेठेत मुलाच्या घरी असतो. मागच्या महिन्यात एका लग्नात भेटला. पंगतीत बसून तरुण पोरांना तोच किस्सा सांगत होता, बँड गल्लीत आणि नवरदेव बाजारात, आणि पोरं पोट धरून हसत होती. त्याच्या मागच्या पानावर माझी भाची जेवत होती. तिने पान अर्धं ठेवलं आणि उठली.

मला पाटे परत नकोत. घासाघीस मी केली, ती मला मान्य आहे, आणि उद्याही करीन. पण रिकामी गाडी मला फिरवून दाखवताना त्याला ठाऊक होतं की तिच्या कमानीत काय भरलंय, आणि मी माझ्या तोंडाने त्याला सांगितलं होतं की तिच्यात कोण बसणार आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नये. भाचीची सासू अजून आहे, आता इथे कामठीलाच राहते. त्याने तिच्या दारात जावं, तिचं मनगट हातात घेऊन पाहावं, आणि हे कोणी केलं ते तिला सांगावं.