मावशीनं दाखवलेला उपग्रह

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर मी मावशीचं नाव घेईन. शेवगावात मार्केट यार्डाजवळ तिची खानावळ होती. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत मी तिच्याकडे जेवलो, तिच्याच चुलीच्या उजेडात शिकलो, आणि नगरला कॉलेजात गेलो तेव्हा दर आठवड्याला तिचा डबा एसटीनं माझ्यापर्यंत पोचत असे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पदवी माझ्या नावावर आहे एवढंच.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीचा तो उन्हाळा. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, जुन्नरच्या बाजूला, परदेशी टेलिफोनसाठी उपग्रहाचं केंद्र नुकतंच सुरू झालं होतं आणि तिथे मला तांत्रिक सहायकाची नोकरी लागली होती. हिंदी महासागराच्या वर, अवकाशात फार उंचावर एक उपग्रह होता. आमची परातीसारखी अवाढव्य अँटेना दक्षिणेला, त्याच्याकडे तोंड करून उभी असे, आणि त्याचा सिग्नल नीट येतोय ना, हे पाहणं माझं काम. मावशीला मी पत्रातून हे सगळं समजावलं. उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी असल्यासारखा वाटतो, हेही लिहिलं. सोपं लिहिल्याचा मला अभिमान वाटला होता.

मावशीनं त्या पत्रातून एकच गोष्ट घेतली: तो हलत नाही. आणि तेवढ्या भांडवलावर माझं लग्न जमवायला घेतलं.

मुलीकडचे राहुरीकडचे, उसाचे बागाईतदार. त्यांची थोरली मुलगी फौजदाराला दिलेली होती. त्याची सारखी बदली व्हायची. लेक दोन-दोन वर्षं माहेरी येत नसे. आईनं धास्ती घेतली होती. म्हणून त्यांची एकच अट होती, धाकटीला बदलीवाला नवरा नको. मावशीनं छातीठोक सांगितलं, "बदली कशाची? ज्याच्यावर त्याची नोकरी, ते आभाळात जागचं हलत न्हाई. मग पोरगं कसं हलंल? माझा शब्द हाय."

मावशीचा शब्द म्हणजे यार्डात पावतीसारखा चालायचा. आता तो माझ्या नावावर दिला गेला होता.

फाल्गुनात बैठक मावशीकडेच झाली. मी रजा काढून पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मावशी मुलीच्या आईला अंगणात नेऊन दक्षिणेकडे बोट दाखवत होती. क्षितिजाच्या जरा वर एक मोठा, ठळक तारा होता.

"त्यो बघा. आमच्या पोराचा."

बाईंनी पदर सावरून त्याला नमस्कार केला. मागून मुलीचे वडील आले.

"अवो, ती तर अगस्ती हाय," ते म्हणाले. "माझा बाप दाखवायचा ती मला. तवा कुठं हुतं तुमचं टेशन?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मावशी तर अशी पाहत होती, की मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण नुकतं शिकलेल्या माणसाला खरं सांगण्याची फार हौस असते.

"मामा, तो अगस्तीच आहे," मी म्हणालो. "उपग्रह नुसत्या डोळ्यांना दिसत नाही."

"तुमी पाह्यलाय का?"

"नाही."

"तुमच्या सायबानं?"

"त्यांनीही नाही."

"म्हंजे जे कुनीच पाह्यलं न्हाई, ते जागेवर हाय का न्हाई, हे बघायचा पगार?"

मी खळ्याचा दाखला दिला. मळणीत तिवड्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, बैल हळू चालतो, कडेचा बैल भराभर चालतो, पण दोघं एका रांगेत राहतात. पृथ्वी आतला बैल, उपग्रह कडेचा. त्यांना दाखला पटला, आणि तिथंच पंचाईत झाली.

"मग चालतो म्हना की! हलत न्हाई कसं?"

"थोडासा सरकतोही," मी प्रामाणिकपणे भर घातली. "तेवढी अँटेना वळवावी लागते."

मावशीनं कपाळाला हात लावला.

"आन् सरकारीच हाय ना?" मामांनी विचारलं.

"नोकरी सरकारी. उपग्रह पुष्कळ देशांच्या भागीदारीतला, धंद्याचा. मिनिटाला भाडं."

"भाड्याचा," ते बायकोकडे बघून म्हणाले. "दिसत न्हाई, सरकतो, वर भाड्याचा. आन् तोंड दक्षिनेला. पोरगी कशाच्या भरवशावर द्यायची?"

मावशी उसळली. "देव तरी कुनाला दिसतो? त्याच्या पुजाऱ्याला मिळत्यातच की पोरी! आन् दक्षिनेला तोंड त्या परातीचं हाय, पोराचं न्हाई."

मामा हसले, मग बायका हसल्या, आणि त्या हसण्यात सुपारी फुटली. शास्त्रानं घालवलेलं लग्न मावशीनं परत आणलं. मात्र उठता उठता मामांनी तिला पुन्हा विचारलं, "बदली न्हाई ना?" आणि तिनं पुन्हा शब्द दिला.

चैत्रात हुकूम आला. मुंबईच्या टेलिफोन केंद्रावर माझी बदली. उपग्रह होता तिथेच होता.

पुढच्याच रविवारी काय झालं, ते मी मावशीला लिहिलं. तेच पत्र इथे देतो.

"ती. मावशीस शि. सा. न. वि. वि. माझी मुंबईला बदली झाली आहे. तू त्यांना काही सांगायला जाऊ नकोस. मी काल राहुरीला जाऊन स्वतःच सांगून आलो. मामी आत निघून गेल्या. मग मामा म्हणाले, 'तारा दिसत न्हाई हेबी तुमीच सांगितलं, बदलीबी तुमीच सांगायला आला. फौजदारानं कधी सांगितलं न्हाई.' आतून मुलीनं विचारायला लावलं, की मुंबईत पाणी नळाला येतं ना. मी हो म्हणालो, पण पहाटेच येतं, हेही सांगितलं. लग्नाची तिथी कायम आहे. दर दिवाळीला आणि नागपंचमीला तिला माहेरी आणून पोचवीन, असं मी कबूल केलंय. तुला मामांचा निरोप आहे: 'मावशीला म्हना, शब्द मोडला न्हाई, जरा सरकला.' मामी अजून रोज संध्याकाळी अगस्तीला हात जोडतात. मी त्यांना काही बोललो नाही. तुला एकच विनंती. लग्नात गुरुजी नवरीला ध्रुव दाखवतील, तो उत्तरेलाच असतो. त्या वेळी तू मध्ये बोलू नकोस."