बोटभर फट

इंजिनाला गिअरबॉक्स जोडायची वेळ आली की आमचा उस्ताद आधी बोल्टांचा डबा पायाने लांब सारायचा. मग लाकडी ठोकळ्यांवर दोन्ही धुडं समोरासमोर आणायचा आणि त्यांना हलकेच ढकलत, कलवत, कान लावून बसायचा. कुणी बोल्टाला हात घातलाच तर म्हणायचा, "हातानं बसलं तर बसलं. बोल्टानं वढायचं नाय."

असे हट्टी कारागीर तुम्हीही पाहिले असतील. पण माझ्यासारखे जवळजवळ महिनाभर त्यांच्या तावडीत सापडला नसाल.

उस्मानपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. तो वेरूळकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. अंगाने काटकुळा, खांद्यावर कायम काळपट पंचा. सगळी गल्ली त्याला उस्तादच म्हणे. कितीही ओरडा, त्याचं उत्तर एकच असायचं, "व्हय शेठ." माझी त्याच्याबद्दल खरी तक्रार तीच आहे.

मी जुने पंप आणि मोटारी घेतो, विकतो. हातगाडीपासून इथवर आलो तो तोंडाच्या जोरावर. मी आवाज चढवतो, समोरचाही चढवतो आणि मग सौदा होतो. उलट उत्तरच न देणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, हे मला कधी कुणी शिकवलं नाही.

अपघातात माझा डावा गुडघा गेला, तो आता वाकत नाही. क्लच दाबता येत नाही, म्हणून मी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. गंगापूर रस्त्यावर एकदा पाणी संपलं, इंजिन तापलं आणि जागच्या जागी जाम झालं. त्या दिवसापासून मी दोन जिन्यांवरच्या घरात अडकलो. कुठंही जायचं तर मेहुण्याची गाडी, मेहुण्याची वेळ. गाडीत बसलो की त्याचं सुरू व्हायचं, "दाजी, विकून टाका ती गाडी. या पायानं कशाला जिवाला त्रास? मी हाये ना." हळूहळू माझ्या गिऱ्हाइकांशी बोलणीही तोच करायला लागला. मी मागच्या सीटवर पाय लांब करून नुसता ऐकत बसायचो.

म्हणून भंगार बाजारातून दुसरं इंजिन मी स्वतः आणलं. दोन तास भांडून निम्म्या भावात. उस्तादाने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"इंजन चांगलंय शेठ. पण ह्याचं लगीन दुसऱ्या घरात झालेलं हाये."

"म्हणजे?"

"क्लचवाल्या गाडीचंय. माघं जड चक्कर हाये, ते काढावं लागंल. तुमच्या जुन्या इंजनाची पातळ प्लेट लावायची. बोल्ट बी जुनेच, ह्याचे लांब पडतेत. आन हे बघा, नाकात बेरिंग बसवलंय. ते ऱ्हायलं तर आपला डबा आत शिरणार नाय."

डबा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारं, तेलाने भरलेलं बंद भांडं. क्लचचं काम तेच करतं.

"मग काढा की बेरिंग! मुहूर्त पाहिजे का?"

"व्हय शेठ. पाव पाहिजे."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याने खरंच माझ्या हातातल्या वडापावचा पाव मागून घेतला. तो पाण्यात भिजवून बेरिंगच्या भोकात ठासून भरला आणि भोकात नेमकी बसणारी पहार लावून वरून हातोडा मारला. पुन्हा पाव, पुन्हा हातोडा. मागून दाबला गेलेला पाव बेरिंगला पुढे ढकलत होता. दहा मिनिटांत ते त्याच्या तळहातावर आलं.

"भाकर चालत नाय," तो गंभीरपणे म्हणाला. "भुगा व्हती."

मी हातात उरलेला वडा खाल्ला. रागावलो होतो, तरी हसू आलं.

त्यानंतरचे दिवस मात्र मोजमापात गेले. तो डबा किती आत गेला ते पट्टीने मोजायचा, कागदावर लिहायचा, परत काढायचा. तोंड वासून पडलेली गाडी मला दुसरीकडे नेताही येईना. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बडबडायचो. मेहुणा न्यायला आला की उस्तादादेखत मला खिजवायचा आणि उस्ताद खाली मान घालून सगळं ऐकायचा.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी मेहुण्याला सांगून टाकलं, "उद्या गंगापूरला मी एकटा जाणार. माझ्या गाडीनं." तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

दुपारी इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना भिडवून ठेवले होते. मध्ये बोटभर फट राहिली होती.

"डबा फिरवत आत ढकलला की तीनदा खट करतो," उस्ताद म्हणाला. "ह्यो दोनदाच बोललाय. मला वाटलं बसला. परत सोडावं लागंल. जेवून येतो."

"परत? अहो, बोटभर तर फट आहे!"

"व्हय शेठ," म्हणाला आणि गेला.

मी ती फट बघत बसलो. मग उठलो, बोल्टांचा डबा ओढला आणि चारही बाजूंनी बोल्ट लावून पान्याने आवळत गेलो. फट कमी होत होती. मध्ये एकदा टक् असा बारीक आवाज आला, मी लक्ष दिलं नाही. शेवटी दोन्ही धुडं अशी चिकटली की कागद शिरला नसता. मी घाम पुसला. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या हाताने झालं होतं.

उस्ताद आला. इंजिनाच्या पुढच्या बाजूला पाना लावून त्याने ते फिरवून पाहिलं. फिरेना. त्याने एक एक बोल्ट सोडला, डबा बाहेर काढला, बॅटरीचा उजेड पाडून आत बघितलं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेला तेलाचा पंप चिरला होता. तो तिथंच उकिडवा बसला.

तेवढ्यात मेहुणा आला. "काय झालं ओ? असे का बसलेत दोघं?"

उद्याचं गंगापूर, मागची सीट, तो ठसका, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. उस्तादाने तोंड उघडायच्या आत मी बोललो, "उस्तादानं पंप फोडला."

उस्तादाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे. पंच्याने हात पुसत मेहुण्याला म्हणाला, "व्हय. माझ्याकडनं घाई झाली."

घाई! त्याच्याकडून!

त्याने तेव्हा भांडायला पाहिजे होतं. मी भांडणाला तयार होतो. मेहुण्यासमोर त्याने मला खोटं पाडलं असतं, मी शिव्या दिल्या असत्या आणि दोघंही मोकळे झालो असतो. त्याने सगळे दरवाजे लावून घेतले आणि मला आत ठेवलं.

त्याच्याकडे एक खोललेला जुना गिअरबॉक्स होता. त्यातला पंप काढून त्याने माझ्या गाडीला बसवला. आठवड्याने गाडी सुरू झाली. मेहुण्याने मात्र पंपाची गोष्ट गावभर केली. उस्तादाच्या दारातल्या गाड्या कमी होत गेल्या. मी ते ऐकत होतो. खरं सांगायला जायचं, असं रोज ठरवायचो आणि गाडी रोज दुसऱ्याच रस्त्याने काढायचो.

शेवटी त्या गल्लीत गेलो तेव्हा पावसाळा संपला होता. गॅरेजच्या जागी मोबाईलच्या कव्हरचं दुकान होतं. समोरच्या टपरीवर दोन मेकॅनिक चहा पीत उभे होते. त्यांनी माझं चालू इंजिन ऐकलं आणि बॉनेटजवळ आले.

"काय गोड चालतंय शेठ! कुणी बसवलं?"

"इथल्या उस्तादानं."

"त्यानं? त्यानं तर म्हणं एका गाडीचा पंप फोडला. गेला गॅरेज मोडून. कुठं गेला, कुणाला म्हाईत."

"तो पंप मी फोडला," मी म्हणालो. "तो जेवायला गेला होता. बोल्ट मी आवळले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसायला लागले. "शेठ लई मजाकी माणूस हाये राव!"

मी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. त्यांनी टपरीवाल्याला हाक मारली आणि माझ्यासाठी एक कट चहा सांगितला.