बिनआवाजाची सायकल

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी न्हाणीत घसरले आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, तार घातली, टाके सुकले, पण पाय वाकेना. चालताना काठीसारखा पुढे यायचा. डॉक्टर म्हणाले, "आजी, जागेवरची सायकल चालवा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, दहा-दहा मिनिटं. नाहीतर हा पाय असाच राहील."

मुलगा पुण्याला असतो. ऑपरेशनसाठी तो आठ दिवस येऊन राहिला. जाताना दोन गोष्टी सांगून गेला. एक, मला जमिनीवर बसून आपलं आपण उठता आलं पाहिजे. दुसरी, पलीकडच्या खोलीत कोणीतरी राहत असलं पाहिजे. यातली एक जरी हुकली तरी इथल्या घराला कुलूप आणि मी पुण्याला, नवव्या मजल्यावर. तिथे मी एकदा महिनाभर राहून आले आहे. सून चांगली आहे. पण सकाळी नऊला सगळे बाहेर पडतात आणि संध्याकाळी सातला येतात. एकटंच बसायचं तर मी माझ्या घरात बसेन. त्यासाठी पुण्याला कशाला जायचं?

आमचं घर यवतमाळला, लोहाऱ्याच्या रस्त्यावर आहे. दोन खोल्या, मध्ये चार इंची विटांची भिंत. रस्त्याकडच्या खोलीत ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी चौथी शिकलेली, पण पंक्चर काढणं, छर्रे बदलणं, चाकाची लचक काढणं हे सगळं त्यांच्याजवळ बसून शिकले. पंचवीस-तीस वर्षं केलं. ते गेल्यावर दुकान बंद केलं आणि ती खोली भाड्याने दिली.

तेव्हा तिथे एक नर्स राहत होती. मारेगावकडची, चाळिशीची. नवऱ्याला सोडून आलेली. खाजगी दवाखान्यात कायम रात्रीची ड्यूटी. संध्याकाळी सातला जायची, सकाळी साडेआठला यायची आणि तीन वाजेपर्यंत झोपायची. माझा गुडघा सकाळी लाकडासारखा आखडलेला असायचा, ऊन वर आल्याशिवाय हलायचाच नाही. म्हणजे सकाळी आणि दुपारी मी सायकल चालवायची त्या वेळेत ती झोपलेली. पाय वाकवायचा तर आवाज होणार, आवाज झाला तर तिची झोप मोडणार, झोप मोडली तर ती खोली सोडणार आणि मग पाय वाकून तरी काय उपयोग. म्हणून मला बिनआवाजाची सायकल पाहिजे होती.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मी इथून चांगली मोठी मशीन पाठवतो. स्क्रीनवाली."

"स्क्रीनवर काय पाहू? गुडघा?"

"किती चाललीस ते दिसतं."

"जागेवरची सायकल हाय ना रे ते? मंग किती चालली म्हणजे काय? तिथंच हाय मी."

तो हसला आणि त्याने विषय सोडला. मला त्या उंच मशीनवर टांग टाकता येणार नव्हतीच. माझी जुनी लेडीज सायकल घरात होती. ह्यांनी चार ठिकाणचे सुटे भाग गोळा करून माझ्यासाठी जोडलेली, मधला दांडा खाली असलेली. डॉक्टरांकडे व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितलं की असा एक लोखंडी घोडा मिळतो, त्यात आपल्या सायकलचं मागचं चाक उचलून अडकवायचं, ते एका रुळावर फिरतं आणि सायकल जागेवर राहते. त्याला ट्रेनर म्हणतात.

ऑटो करून यवतमाळच्या बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्याने तीन घोडे काढले आणि दुकानातली एक नवी कोरी सायकल पहिल्यावर चढवली.

"हा घ्या आजी. एकदम सायलेंट."

बाहेर ऑटोचे हॉर्न, समोर वेल्डिंगचं दुकान, आत टीव्ही. मी म्हणाले, "एवढ्या कालव्यात हत्ती नाचला तरी सायलेंटच वाटन. शटर पाड."

"शटर? दिवसाढवळ्या शटर पाडलं तं लोक म्हणतीन दुकान बसलं."

"बसलं तं उठन. टीवी बंद कर आन् पाड शटर."

त्याने कुरकुरत अर्ध्याच्या खाली ओढलं. मी काउंटरवरचा पेचकस घेतला, त्याची मूठ कानाला लावली आणि टोक घोड्याच्या लोखंडाला टेकवलं. ह्यांची ही रीत. यंत्राच्या पोटात काय खडखडतं ते पेचकसातून कानात येतं.

दुकानदार पायडल मारत मारत म्हणाला, "आजी, तुम्ही डॉक्टर हाय का कारागीर?"

"तू पाय चालव. पोट कमी होईन."

पहिल्या घोड्यात पंखा होता. पिठाची गिरणी परवडली. दुसऱ्यात लोहचुंबक, तो बारीक कण्हत होता, दात दुखणाऱ्या माणसासारखा. तिसऱ्याच्या पोटात तेल होतं. पेचकसातूनसुद्धा नुसती पाण्यासारखी सळसळ यायची आणि हळू चालवलं की पायाला जडही जात नव्हता. सगळ्यांत महाग तोच. मी तोच घेतला. दुकानदार शटर वर ढकलत म्हणाला, "तीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाह्यलं नाही." मी म्हणाले, "मी बी असा दुकानदार पाह्यला नाही, दम लागलेला."

घरी आणून मी सायकलचं कॅरिअर आणि स्टँड उतरवलं, मागचं चाक घोड्यात बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नर्सच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज झाल्यावर तासाभराने, चालवायला बसले. पाय पूर्ण फिरत नव्हता. व्यायामाच्या बाईने सांगितल्याप्रमाणे अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, असं करायचं होतं. दात आवळून दहा मिनिटं केलं. घोडा गप्प होता. मी खूश झाले.

चार दिवसांनी मला उमगलं की मी मूर्खपणा केला आहे. पायडल मागे नेलं की सायकलचं फ्रीव्हील टिकटिक करतं. त्याच्या आत दोन बारके लोखंडी तुकडे असतात, कारागीर त्यांना कुत्ते म्हणतात, ते दात्यांवरून उड्या मारतात. तो आवाज माझ्या कानाने पंचवीस-तीस वर्षं ऐकलेला. माझ्या लेखी तो आवाजच नव्हता, सायकल ठीक असल्याची खूण होती. दुकानात मी घोडा तपासला, आणि घोडा खरोखर मुका होता. बोंबलत होती ती माझी स्वतःची सायकल. शिवाय तिच्या टायरला खोल नक्षी, ती रुळावर घुमत होती. आणि घोडा ठेवलेला शहाबादी फरशीवर, जी भिंतीखालून थेट पलीकडे गेलेली.

आता पलीकडे किती ऐकू जातं ते कळायला पाहिजे. इथे मी अडले. मी चालवत असले तर पलीकडे ऐकणार कोण? आणि मी पलीकडे ऐकायला गेले तर इकडे चालवणार कोण? त्याला दोन माणसं लागतात, आणि शेजारच्या बाईला मदतीला घेतलं तर ते दुसऱ्या दिवशी नर्सच्या कानावर जाणार. नर्सला विचारता आलं असतं. पण मला वाटलं, विचारलं म्हणजे तिच्या डोक्यात आपणच किडा सोडायचा. न जाणो, ती म्हणायची, "हो काकू, त्रास होते." मग काय करायचं?

एका संध्याकाळी ती ड्यूटीवर गेल्यावर मी माझ्याकडच्या किल्लीने तिची खोली उघडली. बरोबर केलं नाही, पण केलं. मुलाला फोन लावला आणि तो चालू फोन तिच्या खोलीत जमिनीवर ठेवला.

"गप बस आन् ऐक," एवढंच सांगितलं. इकडे येऊन दहा मिनिटं पायडल मारलं आणि परत जाऊन फोन उचलला.

"काय ऐकू आलं?"

"पाल चुकचुकली."

"आन्?"

"कुत्रं भुंकलं. आई, हे काय चाललंय? मी उशिराची मीटिंग सोडून बाहेर उभा आहे."

"टिकटिक आली का?"

"कुणाची? घड्याळाची? आली असेल, नसेल. तू फोन ठेवलास कुठे?"

"ठेवला एका जागी," म्हणून मी बंद केला. फोनवर काही भरवसा नव्हता.

पण खोलीत मला दुसरंच दिसलं होतं. तिची गादी पूर्वी माझ्या भिंतीला लागून असायची. भाड्याची पावती द्यायला गेले की दिसायची. आता ती दाराजवळ, समोरच्या भिंतीला सरकवलेली होती. मला जे कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. खुर्चीवर बसून मागचं चाक खोललं. फ्रीव्हीलमध्ये घट्ट ग्रीस भरलं, फार नाही, कारण फार भरलं की कुत्ते चिकटतात आणि पायडल पुढेही रिकामं फिरतं. माळ्यावर ह्यांनी जुन्या टायरांचा ढीग ठेवलेला होता. मी किती वेळा फेकायला सांगितलं होतं, त्यांनी फेकला नाही. शेजारच्या बाईकडून तो खाली काढवला. त्यातलं एक नक्षी झिजून तळहातासारखं गुळगुळीत झालेलं, पण न तडकलेलं टायर निघालं, तेच पाहिजे होतं. घोड्याखाली जुन्या गादीचा कापूस भरून जाड वाकळ शिवून घातली. या सगळ्यात पाच दिवस गेले. मग बसले. माझा श्वास मला सायकलपेक्षा मोठा ऐकू येत होता.

दिवाळीपर्यंत पाय पूर्ण फिरायला लागला. संक्रांतीच्या सुमाराला मी एका दुपारी जमिनीवर बसले आणि काही न धरता उठले. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा बसले आणि पुन्हा उठले.

त्याच महिन्यात नर्स दाराशी आली. हातात किल्ली होती.

"काकू, मी खोली सोडून राह्यली. गावाकडं नोकरी भेटली. माय थकली, तिच्याजवळ राहावं म्हणते."

मी विचारलं, "माझ्या सायकलीनं झोप मोडत होती का तुही?"

"कोणती सायकल?"

"मी चालवते ना इकडं. पाय वाकवाले."

"अवं माय! तुम्ही सायकल चालवता? मले काय माहीत! मी ड्यूटीवरून आली की मेल्यावानी झोपते. दारात बँड वाजला तरी जाग येत नाही मले."

"मंग गादी काहून सरकवली?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. गादीचं मला कसं माहीत, हे तिने विचारलं नाही. माणूस भला. म्हणाली, "त्या भिंतीले ओल आलती पावसाळ्यात. तुमाले सांगीन सांगीन म्हणता राहून गेलं."

मी गेले आणि हात लावून पाहिला. ओल होती. बोट ओढलं तर पापुद्रा निघाला. दीड वर्ष आम्ही दोघी चार इंचाच्या दोन बाजूंना राहिलो. तिने ओल सांगितली नाही, मी आवाज विचारला नाही. तिला चहा पाजला आणि ती गेली. खोली मी चुन्याने पोतली, पण उन्हाळा तोंडावर आला होता, शाळा सुटल्याशिवाय कोणी घर बदलत नाही, म्हणून कोणी विचारायला आलं नाही.

मुलापासून मी लपवलं नाही. खोटं बोलायला लक्षात ठेवावं लागतं. तो रविवारी आला, बॅग घेऊन आणि चेहरा पाडून. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि उठले. पाच वेळा.

"पुरे," तो म्हणाला.

"पाय तुह्या मनासारखा झाला. माणूस नाही भेटलं पलीकडं. एक झालं, एक नाही. अर्धं तू सोड, अर्धं मी सोडते."

"अर्धं कसं सोडायचं, आई? पडलीस तर कोण ओरडणं ऐकणार?"

"पडल्यावर मी ओरडत नाही. मांगं बी ओरडली नव्हती."

त्याला राग आला. मग जेवला, मग भिंतीची ओल पाहिली, आणि जाताना नवी गोष्ट सांगून गेला. रोज सकाळी सात वाजता तो फोन करणार. मी फोन जवळ ठेवून सायकल चालवायची. त्याला चाक फिरल्याचं ऐकू आलं की तो कामाला लागणार. जोपर्यंत ऐकू येईल तोपर्यंत मी इथे राहायचं.

पहिल्याच सकाळी तो म्हणाला, "आई, बसलीस का सायकलवर?"

"चार मिनिटं झाली."

"मला काहीच ऐकू येत नाही. खरंच चालवतेस का?"

"मंग का झोपून बोलून राह्यली?"

"आवाज कुठे आहे?"

आवाज मी स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. फोन चाकाजवळ नेला, रुळाला टेकवला, त्याला काही जाईना. तो तिकडे "हॅलो, हॅलो" करत राहिला. शेवटी मी खाली उतरले, औषधाच्या खोक्याची एक पट्टी कापली आणि मागच्या चाकाजवळ, आऱ्यांना घासेल अशी कपडे वाळवायच्या चिमट्याने अडकवली. दुकानात कोणी असा पुठ्ठा लावून आलं की हे ओरडायचे, आऱ्या ढिल्या होतात म्हणून. पुन्हा बसले. फटफट फटफट, साऱ्या घरात.

"आता?"

"आता येतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आता चांगलं येतंय."

या गोष्टीला चार महिने झाले. पहिले काही आठवडे तो मधूनमधून बोलायचा. आता सात वाजता फोन येतो, तो "हं, कर सुरू" म्हणतो आणि मग त्याच्याकडून आवाज येत नाही. तो त्याची बाजू बंद करून ठेवतो, त्याला आवरायचं असतं. तो ऐकतो की फोन टेबलावर ठेवून आंघोळीला जातो, ते इकडून कळायला मार्ग नाही. विचारलं तर सांगेल, पण मी विचारलेलं नाही.

दहा मिनिटं झाली की मी "झालं" म्हणते. कधी तिकडून "हं" येतं, कधी येत नाही. पुठ्ठा आठवडाभर टिकतो. औषधांची खोकी घरात भरपूर आहेत. सात-आठ पट्ट्या कापून खिडकीत ठेवल्या आहेत.