आधी जावेचा गोऱ्हा

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास आमच्याकडं पावसानं पाठ फिरवली. घरची गडीमाणसं जिल्ह्याच्या गावी बांधकामांवर गेली. निलंग्याकडच्या आमच्या खेड्यात मी आणि माझी मोठी जाऊ, दोघीच जनावरं सांभाळून राहिलो. चुली वेगळ्या, गोठा एक.

दोघींच्या देवणी गाई मागंपुढं व्याल्या. दोघींना गोऱ्हेच झाले, पांढरेशुभ्र, तोंडाशी काळे. जावेची गाय मात्र व्याल्यावर नीट उठलीच नाही. गेली.

जाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसली. "तुझ्या गाईला लाव गं माझ्या लेकराला. मोठे झाले की जोडी करू. दोन्ही घरची रानं त्यांच्यावर. ही जोडी मी मोडणार न्हाई." बोलता बोलता तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. आम्हा लिंगायतांत त्याच्यापुढं दुसरी साक्ष लागत नाही.

मला घरची बैलजोडी हवी होती. दरसाल दुसऱ्याच्या बैलांची वाट बघण्यात आमची पेरणी मागं पडायची. मी हो म्हणाले.

गाय परक्याला जवळ येऊ देईना, लाथा झाडी. मी दोन्ही वासरांच्या अंगाला गुळाचं पाणी चोळलं. माझं तिच्या तोंडापुढं बांधलं, आणि ती त्याला चाटण्यात गुंतली की दुसऱ्याला मागून कासेला लावायची. हळूहळू तिनं दोघांनाही आपलं मानलं.

पण सुक्या कडब्यावर दूध ते किती असणार? जेमतेम एकापुरतं. तरी मी आधी जावेचा गोऱ्हा सोडायची, कारण ती रोज तिथं उभी असायची. "लई मोठ्या मनाची हायेस गं तू," म्हणायची. ते ऐकायला मला गोड वाटायचं. माझा गोऱ्हा दावं ताणून ओरडायचा. त्याला उरलंसुरलं. तिचा अंगानं भरत गेला, माझ्याच्या बरगड्या दिसायला लागल्या.

शेजारची म्हातारी एकदा म्हणालीच, "अगं, आपल्याच पोराला सावत्र करायलीस की!" मी हसून सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस टँकरचं पाणी घेऊन परत आले, तर गोठ्यात एक दावं मोकळं. जावेचा भाऊ येऊन तिचा गोऱ्हा देवणीच्या बाजाराला घेऊन गेला होता.

"अक्का, आपली जोडी?"

ती भाकरी थापत होती. वर बघितलं नाही. "जोडीला दोन सारखे लागतात गं. तुझा बघ की कसा हाय. त्याला कोण जुपंल ह्याच्यासंगं?"

पुढं सासरी-माहेरी मी तिलाच नावं ठेवली, लिंगाची आण मोडली म्हणून. आधी कोण प्यायचं आणि कुणाच्या हातानं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी माझा गोऱ्हा सोडला. कास भरलेली, सगळी त्याचीच. पण गाईनं दूध चोरलं. आधी तो दुसरा लुचायचा, मग तिला पान्हा फुटायचा. ही सवय माझीच. ती दाराकडं मान वळवून हंबरत राहिली. माझा ढुशा मारून मारून थकला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

मग मी गोठ्याच्या जावेकडच्या बाजूला गेले. तिच्या गोऱ्ह्याच्या अंगाखालचं गोणपाट उचललं.

ती दारात उभी होती. "ने की," म्हणाली, "मला आता काय करायचंय त्याचं."

ते मी माझ्या गोऱ्ह्याच्या पाठीवर टाकलं. गाईनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि चाटायला लागली. कासेत दूध उतरलं. तो पीत होता तोवर मी खाली बसून गोणपाटाची टोकं घट्ट धरून ठेवली, ते घसरू नये म्हणून.