धुरपताबाईचं कोपर

मुरूम गावात बाळ जन्मलं की आधी धुरपताबाईला बोलावणं जायचं, मग बापाला. तीस वर्षं तिनं गावची बाळं पायांवर घेऊन न्हाऊ घातली होती. बादलीत कोपर बुडवायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि "व्हय, झालं" म्हणायचं, की पाण्याबद्दल पुढं कुणी चकार शब्द काढत नसे. बहात्तरच्या दुष्काळात तिनं तांब्याभर पाण्यात बाळं न्हाणली होती. तिच्यापुढं शहाणपणा करायची कुणाची छाती होती?

पुढं दहा-बारा वर्षांनी दूध सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब यांनी बंगल्यामागं पोहायचा हौद बांधला. पोहायचा म्हणायला, मोठ्या माणसानं दोन हात मारले की भिंत. त्याही साली पावसानं दडी मारलेली, त्यामुळं गावानं आधी मनसोक्त तोंडसुख घेतलं. मग कळलं, की हौद त्यांच्या सात वर्षांच्या नातीसाठी, शिवगंगासाठी आहे. पोलिओनं तिचा एक पाय बारीक राहिला होता आणि डॉक्टरांनी कोमट पाण्यात पाय हलवायला सांगितलं होतं. वापरलेलं पाणी गुरांसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यांना जातं हेही कळलं, तेव्हा गाव गप्प बसलं.

हिवाळ्यात गुळाच्या जुन्या काहिलीत पाणी उकळून हौदात ओतायचे. ते चौतीस अंश झालं का, हे बघायला दूध सोसायटीतला मच्छिंद्र यायचा. रोज दुधाच्या कॅनमध्ये घालायची काचेची काडी तो हौदात बुडवायचा. हे ऐकून धुरपताबाईला हसू आवरेना. ती मुद्दाम बघायला गेली.

"चौतीस झालं," मच्छिंद्र म्हणाला.

तिनं कोपर घातलं. "हे? हे तर हिरीचं पानी हाय. लेकराला थंडी भरंल. वता अजून एक काहील."

"मावशी, काडी खोटं बोलत न्हाय."

"आन् माझं कोपर बोलतंय व्हय रं? तुला बी ह्याच कोपरानं न्हाऊ घातलंय म्या."

आण्णासाहेबांनी मान हलवली आणि दुसरी काहील हौदात गेली. तिनं पुन्हा कोपर बुडवलं, डोळे मिटले. "व्हय, झालं."

शिवगंगानं पायरीवर बसून पाय सोडला आणि किंचाळून वर ओढला. "आज्जी, भाजतंय!" पाय लालबुंद झाला होता. काडी त्रेचाळीस दाखवत होती.

धुरपताबाईला कुणी बोल लावला नाही. "असू द्या मावशी, निवंल," एवढंच आण्णासाहेब म्हणाले.

घरी येईपर्यंत तिला आजवर न्हाणलेलं एकेक बाळ आठवलं आणि ती धास्तावली. बाळं न्हाताना रडतातच. रडलं की छाती मोकळी होते, असं तीच आयांना सांगत आली होती. तिनं कोपरानं पारखलेल्या पाण्यात उतरलेलं शिवगंगा हे पहिलंच लेकरू, ज्याला बोलता येत होतं. कढत पाण्यानं कोपर कधी बधिर झालं, कोण जाणे! आणि घरात तिची नात चांगुणा बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. पणतवंडाला आपल्या पायांवर न्हाऊ घालायचं, या एका आशेवर म्हातारी वर्षभर उड्या मारत होती.

दुसऱ्या दिवशी ती दूध सोसायटीत हजर. "मच्छिंद्रा, बाळाला किती लागतंय रं?"

"सदतीस."

"मला आकडं कळत न्हाईत. तितं दोरा बांधून दे."

मच्छिंद्रनं जादाची एक काडी काढली आणि तिच्यावर लाल दोरा गुंडाळला. "मावशी, कोपर रुसंल की!"

"रुसू दे मेलं."

चांगुणाला मुलगी झाली. आळीतल्या बाया न्हाणं बघायला जमल्या. धुरपताबाईनं चंचीतून काडी काढून बादलीत धरली, तशी एकच खसखस पिकली. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पारा दोऱ्याच्या वर होता. ती गार पाणी ओतत राहिली, पारा दोऱ्याला टेकेपर्यंत.

पहिला तांब्या पडला आणि पोरीनं टाहो फोडला. धुरपताबाईचा हात थबकला. तिनं काडी पुन्हा बादलीत घातली. पारा दोऱ्यावरच होता.

"रड माझे बाय, रड," ती म्हणाली, "आता मला भ्याव न्हाय." आणि तिनं दुसरा तांब्या भरला.