रद्द न होणारा सत्कार

मार्कस डिमेलो पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो १९७५ साली, सातवीत, महाराष्ट्राच्या नकाशामुळे. त्याने सह्याद्री हिरवा रंगवला होता आणि कोकणपट्टी तपकिरी, म्हणजे नेमकं उलट. बहारीनमधल्या एका भारतीय शाळेत मी भूगोल शिकवत होते. पाचपैकी शून्य दिलं आणि वर 'निष्काळजी' असा शेरा मारला. त्याने मुकाट्याने वही घेतली. पुढे तो प्रत्येक रंगीत पेन्सिलीवर रंगाचं नाव लिहून आणू लागला. मी ते टापटिपीचं लक्षण समजून वर्गापुढे त्याचं कौतुक करीत असे.

त्याचे वडील विल्फ्रेड मूळचे वसईचे. मुहर्रकच्या विमानतळावरच्या किचनमध्ये प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरायचे. आपल्याला कुणी साहेब म्हणावं असं त्यांना कधी वाटलं नाही. मुलाला लोकांनी सॅल्यूट ठोकावा, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

बारावीच्या वर्षी मार्कसने भारतात जाऊन एन.डी.ए.ची लेखी परीक्षा दिली, पास झाला आणि डिसेंबरात मुलाखतीसाठी पुन्हा गेला. पाच दिवसांनी तार आली: सिलेक्शन बोर्डाने निवडलं. त्यानंतर वैद्यकीय तपासणी असते, हे तारेत नव्हतं आणि विल्फ्रेडना विचारायला सवड नव्हती. ते अख्ख्या किचनला पेढे वाटत होते.

शाळेचे सेक्रेटरी गुरुप्रसाद कामत नुकतेच जुफैरच्या अमेरिकन शाळेचा समारंभ पाहून आले होते. तिथे लष्करी अकादमीत निवडलेल्या मुलांना स्टेजवर बोलावून सन्मान करतात. आता आपल्याकडेही एक असा मुलगा सापडला म्हटल्यावर त्यांना झोप लागेना. जानेवारीतल्या वार्षिक समारंभात सत्कार ठरला. शाल, नारळ आणि मानपत्र. कार्डं छापली. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यात 'तीक्ष्ण दृष्टी' हे शब्द मी हौसेने घातले.

समारंभाच्या दोन दिवस आधी मार्कस परतला आणि थेट स्टाफरूममध्ये आला.

"टीचर, आय फेल्ड द मेडिकल. रंगांचे ठिपके असतात ना, त्यांत नंबर वाचायचा असतो. मला एकही दिसला नाही."

मला पाच वर्षांत जे कळलं नाही, ते लष्कराच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत ओळखलं होतं. मी त्याला घेऊन कामतांकडे गेले.

"बोर्डाने निवडलं की नाही?" कामत म्हणाले.

"निवडलं, सर. पण..."

"मग खलास! सत्कार निवडीचा आहे. डोळे ही तुझी खासगी बाब. पाहुणे कबूल झालेत, कार्डं गेलीत. ठरलेला सत्कार रद्द होत नसतो."

घरी त्याने वडिलांना सांगितलं.  विल्फ्रेड म्हणाले, "परवा गप्प राहा, पोरा. किचनची आठ माणसं शिफ्ट बदलून येणार आहेत. एक संध्याकाळ जाऊ दे. मग मीच एकेकाला सांगेन."

हे मार्कसने मला समारंभाच्या दिवशी विंगेत सांगितलं. "बोललो तर डॅडींची लाज जाईल. नाही बोललो तर ती शाल घ्यावी लागेल. व्हॉट शुड आय डू, टीचर?" मी हातातल्या मानपत्रात 'तीक्ष्ण दृष्टी'वर शाई फिरवली.

प्रमुख पाहुणे वीस मिनिटं देशाच्या सीमांवर बोलले. त्या सीमा बहारीनहून त्यांना फार स्पष्ट दिसत होत्या. मग शाल, नारळ, फोटो. कामतांनी माइक पुढे केला. "दोन शब्द. यल्ला, चल लवकर!"

"थँक यू," मार्कस म्हणाला. "मी मेडिकलमध्ये नापास झालोय. मी अकादमीत जाणार नाही. हा मान माझा नाही." त्याने शाल काढली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सामोशांची वेळ झाली होती. दोन तास लोक प्रत्येक भाषणाला टाळ्या देत आले होते, याही भाषणाला दिल्या. पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून "शाब्बास, जवान!" म्हटलं.

तिसऱ्या रांगेत किचनचे मुख्य शब्बीरभाई परकार, रत्नागिरीचे, विल्फ्रेडकडे वळले. "काय बोलला रे तुझा मुलगा? या गोंगाटात काय समजला नाय."

आठही जण विल्फ्रेडकडे बघत होते.

"लष्करात घेतलं नाही म्हणाला, डोळ्यांमुळे," ते म्हणाले. "खरं तेच बोलला." आणि मग तेही टाळ्या वाजवू लागले, सगळ्यांच्या थांबल्यावर.

शाळेच्या वार्षिक अहवालात 'आपला पहिला लष्करी अधिकारी' म्हणून मार्कसचा फोटो आला, शालीसकट. दुरुस्ती छापा, असं मी दोनदा लिहून दिलं. कामत म्हणाले, जागा नाही.

शब्बीरभाईंना स्टोअरसाठी माणूस हवा होता. बारावीचा निकाल लागल्यावर त्यांनी विल्फ्रेडना एवढंच विचारलं, "तो सगळ्यांसमोर खरा बोलला तो पोरगा मोकळा हाय काय?"

यंदा, १९८९ साली, मार्कस त्याच किचनचा स्टोअरकीपर आहे. बायको रेजिना आणि दोन मुलींबरोबर तो बुसैतीनला राहतो, आणि विल्फ्रेडही त्यांच्याजवळच असतात.