थांबाताईंनी नाकारलेली किल्ली

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या ताईंना सगळी गल्ली थांबाताई म्हणते. गिऱ्हाईक पाय ठेवतं न ठेवतं तोच त्या म्हणणार, "थांबा, आधी नक्कल!" आतलं सगळं दुसरीकडे उतरवल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात नाही. म्हणूनच वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही मशीन मेलं नाही. घरात मात्र हा शहाणपणा कामी आला नाही. सहा महिन्यांपूर्वी त्या लेकीला नको ते बोलून बसल्या, आणि तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं? तेव्हापासून लेक कामापुरतं बोलते आणि दर गुरुवारी दुकानासमोरून जिना चढून समुपदेशक बाईंकडे जाते. ती वर काय सांगत असेल, या विचाराने ताईंचा जीव खालीवर होतो.

आणि एके दिवशी त्याच बाई लॅपटॉप घेऊन खाली आल्या.

"ऑफिसात आणखी चौघं बसतात हो. मशीन सुरू होतानाच कुणी आत काही घुसवून माझा पासवर्ड उचलला, तर लोकांची गुपितं चव्हाट्यावर! काय सुरू होऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या कंपनीच्या सगळ्या डिजिटल किल्ल्या पुसा, माझी एकटीची घाला. मी सही केलेलंच सुरू व्हायला हवं."

"थांबा! स्क्रीन चालवणाऱ्या भागावर कंपनीचीच सही आहे. सरसकट पुसलं तर स्क्रीन काळीठिक्कर. आगीतून फुफाट्यात जायचंय का?"

ताईंनी आधी मशीन सुरू करणाऱ्या चिपची नक्कल घेतली, जुन्या किल्ल्या एका पेनड्राइव्हवर ठेवल्या. नव्या किल्ल्या इंटरनेट नसलेल्या मशीनवर बनवल्या. स्क्रीनचा तो भाग अडू नये म्हणून त्याचा तेवढा ठसा नोंदवला, बाईंच्या सिस्टिमवर नवी सही केली. सगळ्यात वरची किल्ली, जिने दार बंद होतं, ती मुद्दाम शेवटी राखून ठेवली. हात चालत होते, पण मन एकाच जागी अडलं होतं: लेक वर जे सांगते ते याच मशीनमध्ये असणार. कुलूप आपणच करतोय, एक फट ठेवली तर कुणाला कळणार आहे? दोनदा पाणी प्यायल्या. मग शेवटची किल्ली घातली, सेटिंगला बाईंकडूनच पासवर्ड टाकून घेतला आणि कुठलंही मशीन उघडणारा आपला रोजचा पेनड्राइव्ह लावून बघितला. लॅपटॉपने ताईंना दारातूनच हाकललं. लाज वाटण्याइतकं हायसं वाटलं त्यांना.

"ही जुन्या किल्ल्यांची नक्कल, आणि ही तुमची गुप्त किल्ली, हिच्याकडे असेल त्यालाच सही करून आत शिरता येईल," ताईंनी दोन पेनड्राइव्ह पुढे केले.

"गुप्त किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. मी एक नंबरची वेंधळी. पुढे काही बदलायचं झालं तर तुम्हालाच लागणार ना?"

पेनड्राइव्ह ताईंच्या तळहातावर तसाच राहिला. मग त्यांनी तो बाईंच्या पर्समध्ये टाकला आणि स्वतःच चेन ओढली.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय, बाई. माझी लेक येते तुमच्याकडे."

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

"ती काय सांगते ते ऐकायला जीव तुटतो माझा," ताई म्हणाल्या. "पण मला ते तिच्या तोंडून ऐकायचंय."